पंखा मिटून बसलेली बाई

(सेविया शहर, नदीपलीकडची त्रियाना वस्ती. ऊन कलल्यावरची वेळ. गजांच्या खिडकीबाहेर गल्लीत लेआंद्रो उभा आहे, आत कासिल्दा. तिच्या मागे मावशी प्रुदेन्सिया बैलझुंजीतल्या मातादोराच्या डगल्यावर जर भरत बसली आहे. कासिल्दाच्या हातात एक फोटो.)

लेआंद्रो : ‘सूर्य पाठीशी ठेव रे पोरा, म्हणजे तो तुझं काम करील. समोर घेतलास तर तू त्याचं करत बसशील.’ असा आवाज होता मला फोटो शिकवणाऱ्या उस्ताद होनोरातोंचा. घोगरा, तंबाखूनं खरवडलेला. त्यांना जाऊन किती वर्षं झाली, पण मी तिवई मांडली की अजून मानेमागून बोलतात.

कासिल्दा : आणि तू त्यांचं ऐकलं नाहीस.

लेआंद्रो : या एका रविवारी, झुंजीच्या रिंगणात, नाही ऐकलं.

कासिल्दा : तेच तर विचारतेय मी. बाकीचे सगळे फोटोवाले सावलीच्या बाजूला, सूर्य पाठीशी घेऊन. तू एकटाच तिवई खांद्यावर टाकून पलीकडे उन्हात. हमालांमध्ये, टरबुजाच्या बिया थुंकणाऱ्यांमध्ये. डोकं भाजून घेत. आणि समोर काय? तर सावलीतल्या महागड्या जागांवरच्या बायका.

लेआंद्रो : समोर सावलीची रेघ होती, कासिल्दा.

कासिल्दा : रेघेला ओढणी असते?

लेआंद्रो : ऐक तरी. दुपार उतरते तशी सावली रिंगणात उतरते. पहिल्या बैलाच्या वेळी ती नुसती कठड्याशी असते, आणि शेवटच्या बैलापर्यंत तिनं अर्धी वाळू गिळलेली असते. त्या रेघेवर बैल आला ना, की त्याचं पुढचं अंग उन्हात आणि मागचं अंधारात. पाठीवर चांदीची कड. पायाखालची धूळ पेटलेली. हे सगळं सूर्य समोर असला तरच दिसतं. पाठीशी घेतला तर सगळं सपाट, चुना फासल्यासारखं. मातादोर म्हणजे पाटावर मांडलेली बाहुली. तसले फोटो दुकानादुकानात टांगलेत.

कासिल्दा : बरं. मग पाठीवर चांदीची कड असलेला बैल दाखव.

लेआंद्रो : हा.

कासिल्दा : हा धूर आहे.

लेआंद्रो : तो बैल आहे. भिंगाचं झाकण काढून परत लावेपर्यंत तो हलला.

कासिल्दा : आणि मातादोर?

लेआंद्रो : हा.

कासिल्दा : हा दुसरा धूर.

मावशी : त्याच्या डगल्याच्या पाठीवर मी डाळिंबाची वेल भरली होती. अख्खा हिवाळा गेला त्यात.

कासिल्दा : वेल नाही दिसत, मावशी. मेणबत्ती विझवल्यावर दिसतं ना, तेवढंच दिसतंय.

मावशी : झालं. नाव झालं आमचं.

कासिल्दा : आणि तू मध्ये बोलू नकोस. तो खिडकीशी आला की तू इथं नसतेस, असं ठरलंय आपलं.

मावशी : नाहीच मी. सुई बोलली.

लेआंद्रो : मावशी, वेलीचं मला खरंच वाईट वाटतं. पण सोनं उन्हात असं काही चमकतं की काचेवर नुसता पांढरा डाग पडतो. कितीही सुंदर भरलं असलं तरी.

कासिल्दा : विषय बदलू नकोस. बैल नाही, मातादोर नाही. घोडा पडलाय तोही अर्धाच. वाळू तर भाकरीच्या पिठासारखी कोरी. मग हा फोटो आहे कुणाचा? मी सांगते. हिचा.

लेआंद्रो : कासिल्दा...

कासिल्दा : ही बघ. सावलीच्या बाजूला, कठड्यामागच्या दुसऱ्या ओळीत. हिच्या डाव्या-उजव्या सगळ्या बायकांचे पंखे चाललेत. पंखा हललाय, मान हललीय, कुणाचंच तोंड तोंड राहिलं नाही. पिठात बोट फिरवावं तसं झालंय. आणि त्यांच्यामध्ये ही. स्वच्छ. देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी. डोक्यावर पांढरी जाळीची ओढणी, कानावर फूल, पंखा मिटून मांडीवर. बरं, बघतेय कुठं? समोर घोडा मरतोय, माणूस मरायला टेकलाय. आणि ही बघतेय तुझ्याकडे.

लेआंद्रो : माझ्याकडे नाही. फोटोच्या पेटीकडे.

कासिल्दा : पेटीमागे कोण होतं? उस्ताद होनोरातो?

मावशी : सुंदर आहे का गं?

कासिल्दा : मावशी.

मावशी : सुईनं विचारलं.

कासिल्दा : हे घे, तूच बघ ना.

मावशी : नको, नको. माझे डोळे दोऱ्यापुरते उरलेत. कागदावर नाही पोचत. तूच सांग.

कासिल्दा : सुंदर आहे. घ्या. म्हटलं मी. मला खोटं बोलता येत नाही काही लोकांसारखं.

लेआंद्रो : मी खोटं काय बोललो?

कासिल्दा : मग नाव सांग तिचं.

लेआंद्रो : मला माहीत नाही. शपथ.

कासिल्दा : शपथ कुणाची? सूर्याची? त्याला तर तू आधीच फसवलंयस. आता मी विचारते त्याचं उत्तर दे. तू झाकण कधी काढणार, हे हिला कसं कळलं?

लेआंद्रो : म्हणजे?

कासिल्दा : म्हणजे काय म्हणजे? तूच सांगतोस ना मला, इथं उभा राहून, रोज रोज. जो हलतो तो पुसला जातो. जो थांबतो तो राहतो. मग त्या गर्दीत, त्या आरडाओरड्यात, ही बाई नेमकी त्याच क्षणी का थांबली? पंखा मिटला, मान ताठ केली. उन्हाच्या दिवसात पंखा कोण मिटतं? ज्याला खूण केलेली असते तोच मिटतो.

लेआंद्रो : मी खूण नाही केली.

कासिल्दा : नाही ना?

लेआंद्रो : खरंच नाही. मी स्वतः त्याचाच विचार करतोय तेव्हापासून.

कासिल्दा : तेव्हापासून! ऐकलंस, मावशी? तेव्हापासून विचार करतोय तिचा.

मावशी : मी नाही इथं.

लेआंद्रो : तिचा नाही. ती थांबली कशी याचा. आणि मी तिला तिथं पाहिलंसुद्धा नव्हतं. काळ्या कापडात डोकं घातलं की काचेवर सगळं उलटं दिसतं, माहितेय तुला. वाळू वर, माणसं खाली डोकं करून लटकलेली. वटवाघळांसारखी. वटवाघूळ कुणाला आवडेल?

कासिल्दा : पण ते कागदावर सुलटं झालं ना.

लेआंद्रो : हो.

कासिल्दा : आणि सुलटं झाल्यावर?

लेआंद्रो : कासिल्दा, मला वाटतं आपण हा फोटो ठेवून देऊ. शनिवारी आई येणार आहे मागणी घालायला. बदामाची वडी सांगून ठेवलीय तिनं, नवी शाल काढलीय. आपण शनिवारचं बोलू.

कासिल्दा : सुलटं झाल्यावर काय, लेआंद्रो?

लेआंद्रो : तू चिडशील.

कासिल्दा : मी चिडलेलीच आहे. आता फक्त कारण मोठं होईल.

लेआंद्रो : मग ऐक. रिंगणाच्या पायऱ्यांखाली, गोठ्याला लागून, मला एक कोनाडा दिलाय. दार लावलं की अंधार. शेणाचा आणि औषधांचा वास. बाहेर लोक ओरडतायत, आणि मी ओली काच औषधात धरून बसलोय. आधी वाळू उमटली. मग कठड्याच्या फळ्या. मग बैल यायला हवा होता. नाही आला. मातादोर आला नाही. मला कळलं, गेलं सगळं. उन्हात उभं राहून, लोकांची थट्टा ऐकून, उस्तादांचा शब्द मोडून मी धूर घेऊन आलो. काच फोडायला हात उचलला मी.

कासिल्दा : मग?

लेआंद्रो : मग काळ्या कापडावर धरली. काळ्यावर धरली की काचेतलं माणूस दिसायला लागतं. आणि ती दिसली. बाकी सगळे वाहून गेलेले, आणि ही एक. जणू तिनंच ठरवलं होतं की मी तुझं काम वाया जाऊ देणार नाही. मला... आनंद झाला.

कासिल्दा : आनंद.

लेआंद्रो : हो.

कासिल्दा : आणि बघत बसलास.

लेआंद्रो : काच सुकेपर्यंत.

कासिल्दा : आणि सुकल्यावर उठलास?

लेआंद्रो : नाही. सुकल्यावरही बसलो.

मावशी : कसं आहे नाक तिचं?

कासिल्दा : मावशी, तुला आज झालंय काय? सरळ आहे नाक. तुझ्या-माझ्यासारखं नाही, आपल्या घराण्याचं पोपटाचं. निदान समोरून तरी सरळ दिसतंय. आणि कातडी बघ कशी, एक रेघ नाही. तिशीच्या पुढची नाही ही.

मावशी : तिशीची.

कासिल्दा : असेल तर फार. ओठ बघ कसे मिटलेत. लाज वाटत असून मुद्दाम बसल्यासारखी. आणि फूल काळं. काळं फूल कोण माळतं? जादूटोणा करणारीच असणार.

लेआंद्रो : काळं नाही ते. लाल असणार. माझ्या काचेवर लाल काळं येतं आणि निळं पांढरं. मातादोराचं लाल फडकं बघ, तेही कोळशासारखं आलंय.

कासिल्दा : म्हणजे जे जे मनापासून रंगलेलं ते तुझ्या काचेत काळं.

लेआंद्रो : मी नाही केलं तसं. उजेड करतो.

कासिल्दा : तुझं सगळं उजेडच करतो. तू काहीच करत नाहीस. बिचारा.

मावशी (सुई ओढत, गुणगुणत) :
जर ओवते सुईत मी, परक्याच्या पाठीला;
ऊन त्याच्या वाट्याला, सावली माझ्या गाठीला.

कासिल्दा : गाऊ नकोस. आज गाण्यासारखं काही नाही या घरात. नाहीतर थांब, मलाही येतं. ऐक रे फोटोवाल्या, तुझ्यासाठी आहे.
तुझ्या काचेत बसली सावलीतली राणी,
मी तुझ्या दारच्या उन्हात, माझं झालं पाणी.

लेआंद्रो : छान आहे.

कासिल्दा : छान म्हणू नकोस. उत्तर दे. दुसरा कुणी असता तर चार ओळी फेकल्या असत्या परत.

लेआंद्रो : मला ओळी सुचत नाहीत, तुला ठाऊक आहे. मला माणूस कुठं उभा करायचा तेवढं सुचतं.

कासिल्दा : मला कुठं उभी केलीस कधी?

लेआंद्रो : केली होती की. नाताळात. गच्चीवर.

कासिल्दा : आणि काय आलं?

लेआंद्रो : तू हललीस.

कासिल्दा : ईस्टरच्या वेळी, नदीवर?

लेआंद्रो : तू हसलीस. हसलीस म्हणजे हललीसच. मग मी खुर्चीला मागून लोखंडी आधार लावला, मानेला. तू म्हणालीस गळफास आहे, आणि उठून गेलीस.

कासिल्दा : म्हणजे तुझ्या घरी माझे किती फोटो आहेत, लेआंद्रो?

लेआंद्रो : फोटो आहेत.

कासिल्दा : तोंड असलेले?

लेआंद्रो : नाहीत.

कासिल्दा : मी धूर. पोलकं घातलेला धूर. आणि ही कोण कुठली, खिडकीशी कधी उभी नाही राहिली, तुझी एक रात्र वाट नाही बघितली, तुझ्या आईच्या गुडघ्यांची गाऱ्हाणी नाही ऐकली. नुसती पंखा मिटून बसली. आणि ती राहिली. तुझ्या काचेत, तुझ्या कोनाड्यात. उद्या आपलं लग्न झालं तरी ती काच घरातच असेल ना? फोडशील?

लेआंद्रो : ती काच?

कासिल्दा : एवढा वेळ लागतो सांगायला. फोडशील का?

लेआंद्रो : कासिल्दा, माझ्या हातून आजवर झालेल्यातली ती एकच काच आहे की जिच्यात... कसं सांगू. रेघ बघ ना. सावलीची रेघ कोपऱ्यातून निघते आणि बरोबर तिच्याखालच्या कठड्याशी येऊन थांबते. मी नाही जुळवली ती. डाव्या बाजूला मोकळी जळालेली वाळू, मध्ये दोन धूर, आणि उजवीकडे वर ती, मधोमध नव्हे, जरा बाजूला. नजर फिरून फिरून तिच्याशीच येते. मधोमध बसली असती तर तिला कुणी बघितलंही नसतं. हे परत जमणार नाही मला. म्हणून नाही फोडणार. तिच्यासाठी नाही.

कासिल्दा : नजर फिरून फिरून तिच्याशीच येते.

लेआंद्रो : मी मांडणीचं बोलतोय.

कासिल्दा : मी पण. माझंही तेच होतंय, गाढवा. सकाळपासून हातात आहे हा कागद, तू तुझ्या भाच्याबरोबर पाठवलास तेव्हापासून. नुसतं बघून घे म्हणालास, बैल नीट आला नाही पण मला आवडलाय. आवडलाय! मी जर भरायला बसले की ही समोर. पीठ मळायला घेतलं की ही समोर. मला अशी बसता आली असती तर, असं वाटतं. एकदाच. न हसता, न बोलता, कुणीतरी माझ्याकडे बघेपर्यंत. मला नाही जमणार ते. मी बोलतेच. बघ, अजूनही बोलतेय.

लेआंद्रो : मला तू बोललेली आवडतेस.

कासिल्दा : हो, पण काच सुकल्यावरही बसून राहतोस ते तिच्यासाठी.

लेआंद्रो : हे बरोबर नाही.

कासिल्दा : नसेल. मला बरोबर वागायचंच नाही आज. शेवटचं विचारते. नाव सांग, कुणाची कोण ते सांग, तुला कशी ओळखते ते सांग. मी रडेन, शिव्या देईन, आणि शनिवारी आईला सांग वडी घेऊन ये म्हणून. नाहीतर ही खिडकीची फळी लावते मी. आणि तुला माहितेय, या गल्लीत ज्याच्या तोंडावर मुलगी फळी लावते तो परत या गल्लीतून जात नाही. पलीकडच्या पुलानं जातो.

लेआंद्रो : जे मला माहीत नाही ते मी कसं सांगू? खोटं नाव सांगू? सांगतो. बाईसाहेब अमुक तमुक. बरं वाटेल तुला?

कासिल्दा : हे तू तिला वाचवायला बोलतोयस.

लेआंद्रो : मी मला वाचवायला बोलतोय.

कासिल्दा : मग जा. कागद घे तुझा. आणि त्या पेटीला सांग, आता कुणी खिडकीत हलत नाही म्हणावं. आरामात काढ फोटो.

लेआंद्रो : कासिल्दा, फळी... बोटं आहेत माझी मध्ये.

कासिल्दा : काढ.

लेआंद्रो : नाही काढत.

कासिल्दा : काढ म्हणते.

मावशी : फळी राहू दे, पोरी.

कासिल्दा : तू इथं नाहीस.

मावशी : आज आहे. ती ओढणी शेजारच्या रेमेदियोसची आहे. तिच्या डाव्या टोकाला मेणबत्तीनं जळून भोक पडलंय. ते दिसू नये म्हणून आत दुमडून घेतलं होतं. हातभिंग घेऊन बघ, डाव्या खांद्यावर घडी दुप्पट जाड दिसेल.

कासिल्दा : कुणी दुमडून घेतलं होतं?

मावशी : मी.

कासिल्दा : तू?

लेआंद्रो : तुम्ही?

मावशी : तुझी बोटं काढ आधी गजांतून, पोरा. एवढ्या रागात तिला फळी कुठं आणि हात कुठं कळायचं नाही.

कासिल्दा : तू तर मठात गेली होतीस. नऊ दिवसांची प्रार्थना होती तुझी. मी एकटी इथं बसून बाही पुरी केली त्या दिवशी.

मावशी : मठाच्या दारापर्यंत गेले. खरंच गेले. मग पूल ओलांडला. पोशाख शिवणाऱ्या शिंप्यानं तिकीट दिलं होतं. म्हणाला, प्रुदेन्सिया, इतकी वर्षं पाठी भरतेस, एकदा तरी पाठ चालताना बघ. तुला सांगितलं असतं तर तूही आली असतीस, आणि तिकीट एकच होतं. ओढणी रेमेदियोसकडून मागून घेतली. फूल आपल्या कुंडीतलं. लालच आहे, तो म्हणतो तसं.

कासिल्दा : पण ही... ही तर तिशीची आहे.

लेआंद्रो : वाळू.

कासिल्दा : काय वाळू?

लेआंद्रो : पुढची वाळू सगळी उन्हात होती. तिचा उजेड उसळून खालून वर गेला, सावलीत बसलेल्यांच्या तोंडावर. खालून मऊ उजेड आला की सुरकुती राहत नाही, तिला सावलीच मिळत नाही. नाकही त्यानंच सरळ दिसतं. म्हणूनच मलाही ती तिशीचीच वाटली... अरे देवा. मावशी, मी तुम्हाला ओळखलं नाही.

मावशी : तू मला कधी बघितलंस? रोज संध्याकाळी येतोस, मी या कोपऱ्यात काळ्या शालीत असते, आणि ठरल्याप्रमाणे नसते.

लेआंद्रो : पण झाकण कधी निघणार ते कसं कळलं तुम्हाला?

मावशी : तूच सांगितलंस की. इथं, या गजांशी, रोज. तुला वाटतं ते कासिल्दा ऐकते? ती तुझ्या मिशीकडे बघते. ऐकते मी. आधी डोकं काळ्या कापडातून बाहेर. मग काच आत सरकवायची. सूर्य समोर असला तर टोपी काढून भिंगावर सावली धरायची. मग दुसरा हात झाकणाला. एक श्वास भरायचा, आणि काढायचं. तू पलीकडे उन्हात टोपी काढलीस, टक्कल चमकलं तुझं...

कासिल्दा : टक्कल नाही, कपाळ मोठं आहे त्याचं.

मावशी : मोठं कपाळ चमकलं तुझं. मी पंखा मिटला. माझ्या शेजारची म्हणाली, बाई, चक्कर येतेय का. मी उत्तरही दिलं नाही. म्हटलं, हललं की पुसलं जायचं. आणि इतकी वर्षं पुसली जातच आलेय की मी. या अंगावरून त्या अंगावर जर भरायचा, ते उन्हात जाऊन झळकणार, मी इथं. वाटलं, एकदा थांबून बघू. राहते का.

लेआंद्रो : राहिलात.

मावशी : हो. ऐकलं मी. तुला आनंद झाला तेही ऐकलं.

कासिल्दा : दे ते भिंग इकडे. ... घडी आहे. दुप्पट आहे. आणि हा अंगठा, याचं सुईनं खरवडलेलं नख... मावशी, ही तूच आहेस.

मावशी : सांगतेय तेच.

कासिल्दा : मी हिला जादूटोणा करणारी म्हटलं.

मावशी : त्याच्या आधी सुंदरही म्हटलंस.

कासिल्दा : पण मग एवढा वेळ गप्प का बसलीस? मी फळी लावत होते त्याच्यावर. त्याची बोटं मोडली असती. शनिवार मोडला असता. मी पहिल्यांदा हा कागद उचलला तेव्हाच तुला कळलं होतं ना?

मावशी : तो पोरगा सकाळी देऊन गेला तेव्हाच. तू उंबऱ्यात उभी राहून बघत होतीस, मी तुझ्या मागून बघितला, डोळे चांगले आहेत माझे. लगेच सांगणार होते. तोंड उघडलंही होतं.

कासिल्दा : मग?

मावशी : मग तू म्हणालीस, कोण आहे ही. अशा आवाजात म्हणालीस.

कासिल्दा : कशा आवाजात?

मावशी : माझा आजवर कुणी हेवा केला नव्हता, पोरी. थोडा वेळ करू दिला.